मॅकेन यांचे एक मत आणि पस्तीस वर्षांची नोंद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेच्या सिनेटविषयी जो लेख आला, त्यात ॲरिझोनाचे दिवंगत सिनेटर जॉन मॅकेन यांचा उल्लेख ‘स्वपक्षाविरुद्ध उभे राहून ओबामांचा आरोग्य कायदा वाचवणारे बंडखोर’ असा एका ओळीत उरकलेला आहे. लेख एरवी मेहनतीने लिहिलेला आहे आणि मराठी वाचकांपुढे हा विषय आणल्याबद्दल मी आपला आभारी आहे. पण त्या एका ओळीमुळे हे पत्र लिहिल्यावाचून मला राहवले नाही. मी १९९६ पासून फिनिक्सला लागून असलेल्या चँडलर या गावात राहतो. २००३ मध्ये मी इथला नागरिक झालो आणि त्यानंतर चार सार्वत्रिक निवडणुकांत मॅकेन यांचे नाव माझ्या मतपत्रिकेवर होते : २००४, २०१० आणि २०१६ मध्ये सिनेटसाठी, तर २००८ मध्ये अध्यक्षपदासाठी. त्यांना मी दोनदा मत दिले आणि दोनदा दिले नाही. म्हणून मी त्यांचा भक्तही नाही आणि विरोधकही नाही. ज्याचा प्रतिनिधी आपल्या नावाने सभागृहात हात वर करतो, अशा एका मतदाराचे हे म्हणणे आहे.

ज्या मतामुळे ते आपल्याकडे ओळखले जातात, ते २८ जुलै २०१७ च्या पहाटे दीडच्या सुमारास दिले गेले. मेंदूतील कर्करोगाचे निदान जाहीर होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते आणि डोळ्याच्या वर शस्त्रक्रियेची ताजी खूण दिसत होती. उपाध्यक्ष पेन्स त्यांना समजावत बराच वेळ त्यांच्याजवळ उभे होते. मग मॅकेन पुढे आले, सिनेटच्या लिपिकांचे लक्ष वेधण्यासाठी त्यांनी हात पुढे केला आणि अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१ अशा मतांनी तो आरोग्य कायदा रद्द करू पाहणारे स्वपक्षाचे विधेयक पडले. सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कोव्स्की या आणखी दोन रिपब्लिकन सिनेटरही विरोधात होत्या. त्या दोघी सुरुवातीपासून विरोधात उभ्या होत्या, हे आपल्या लेखात आलेले नाही. अंगठ्याविषयीही एक खुलासा करावासा वाटतो. आपले नाव पुकारून झाल्यावर सभागृहात आलेले सिनेटर लिपिकांच्या मेजासमोर जाऊन अंगठ्याच्या खुणेने मत नोंदवतात, ही तिथली रोजची रीत आहे. चित्रफितीत ती खूण नाट्यमय दिसते आणि त्या क्षणाचे वजन मी नाकारत नाही, परंतु तो नाट्याविष्कार म्हणून योजलेला नव्हता.

आता त्या मताच्या आगेमागे नोंदवलेली मते पाहावीत. २४ डिसेंबर २००९ रोजी सिनेटमध्ये हाच आरोग्य कायदा ६० विरुद्ध ३९ मतांनी संमत झाला, तेव्हा मॅकेन विरोधात होते. डिसेंबर २०१५ मध्ये तो बव्हंशी रद्द करणारे विधेयक ५२ विरुद्ध ४७ मतांनी सिनेटने मंजूर केले आणि पुढे ओबामांनी त्यावर नकाराधिकार वापरला. त्या वेळी मॅकेन रद्द करण्याच्या बाजूने होते. २०१६ च्या प्रचारात कायदा रद्द करून त्याजागी दुसरा आणण्याचे आश्वासन त्यांनी आम्हा मतदारांना दिले होते. इतकेच नव्हे, तर २५ जुलै २०१७ रोजी रुग्णशय्येवरून उठून ते वॉशिंग्टनला गेले, ते विधेयकावर चर्चा सुरू करण्याच्या बाजूने मत देण्यासाठी. ५० विरुद्ध ५० अशी कोंडी झाल्यावर पेन्स यांच्या निर्णायक मताने तो प्रस्ताव संमत झाला, म्हणजे मॅकेन नसते तर चर्चाच सुरू झाली नसती. त्याच रात्री कायदा रद्द करून पर्याय देणाऱ्या पक्षाच्या मोठ्या मसुद्यालाही त्यांनी अनुकूल मत दिले आणि तो नऊ रिपब्लिकनांच्या विरोधामुळे ४३ विरुद्ध ५७ असा पडला, तेव्हा त्या नऊ जणांत मॅकेन नव्हते. दुसऱ्या दिवशी नुसता रद्द करण्याचा मसुदा आला, त्याला मात्र त्यांनी विरोध केला.

तीन दिवसांतली ही चार मते एकत्र वाचली की ‘ओबामांचा कायदा वाचवणारे’ हे वर्णन अपुरे ठरते. २५ तारखेच्या भाषणात त्यांनी जे मागितले, ते असे होते की विधेयक समितीकडे जावे, तिथे साक्षी व्हाव्यात, दोन्ही पक्षांनी दुरुस्त्या मांडाव्यात आणि मग ते सभागृहात यावे. पहाटे मताला आलेला मसुदा सदस्यांच्या हाती काही तास आधी पडला होता. म्हणून त्यांचा नकार हा मुख्यतः पद्धतीला होता, आणि याला बळकट पुरावा आहे : सप्टेंबरमध्ये त्यांचे जवळचे मित्र लिंडसे ग्रॅहॅम यांनी बिल कॅसिडी यांच्याबरोबर दुसरा मसुदा आणला, आमच्या राज्याच्या गव्हर्नरांनी त्याला पाठिंबाही दिला, तरी समितीची रीत पाळलेली नाही या कारणाने मॅकेन यांनी २२ सप्टेंबरला विरोध जाहीर केला आणि तो मसुदा मताला आलाच नाही. परंतु त्यानंतर डिसेंबरच्या सुरुवातीला अवाढव्य करकपातीचे विधेयक घाईघाईने, समासात हाताने लिहिलेल्या दुरुस्त्यांसह सिनेटपुढे आले. त्यात विमा न घेणाऱ्यावरील दंड शून्यावर आणण्याची तरतूद होती, म्हणजे आरोग्य कायद्याचा एक मुख्य खांबच काढून घेतला जाणार होता. २ डिसेंबरला ते ५१ विरुद्ध ४९ मतांनी संमत झाले आणि त्या ५१ मतांत मॅकेन यांचे मत होते. जुलैमध्ये मागितलेली रीत डिसेंबरमध्ये त्यांनी का मागितली नाही, हा प्रश्न मला आजही पडतो. त्यांच्याविषयी आदर ठेवूनही तो विचारता यावा, असे मला वाटते.

मॅकेन हे परंपरावादी राजकारणीच होते, ही गोष्ट त्यांच्या कारकिर्दीच्या प्रारंभापासून स्पष्ट आहे. व्हिएतनाममध्ये साडेपाच वर्षे युद्धकैदी राहून १९७३ मध्ये परतलेले नौदलाचे हे वैमानिक १९८१ मध्ये ॲरिझोनात राहायला आले आणि १९८२ मध्ये पहिल्या मतदारसंघातून प्रतिनिधीगृह या कनिष्ठ सभागृहासाठी उभे राहिले. जॉन ऱ्होड्स निवृत्त झाल्याने ती जागा मोकळी झाली होती. विरोधकांनी उपरेपणाचा आरोप केला, तेव्हा आपण आयुष्यात सर्वांत जास्त काळ जिथे सलग राहिलो ते ठिकाण हनोई आहे, असे उत्तर त्यांनी दिले आणि चौरंगी प्राथमिक निवडणूक सुमारे एक तृतीयांश मतांवर जिंकली. आपल्याकडच्या वाचकांसाठी सांगायला हवे की एकाच पक्षाचे वर्चस्व असलेल्या अशा मतदारसंघात खरी लढत पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच होते; नोव्हेंबरचे मतदान बहुधा औपचारिक ठरते. १९८६ मध्ये बॅरी गोल्डवॉटर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी मॅकेन सिनेटवर गेले. गोल्डवॉटर यांनी १९६४ च्या नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत दिले होते. त्या वारशाची जागा आपण भरतो आहोत, याची जाणीव मॅकेन यांना होती आणि आमच्या राज्यातल्या जुन्या मतदारांनाही होती.

पहिल्याच कार्यकाळातली दोन मते मला परस्परांशेजारी ठेवावीशी वाटतात. ऑगस्ट १९८३ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीला राष्ट्रीय सुटी देण्याचे विधेयक प्रतिनिधीगृहात ३३८ विरुद्ध ९० मतांनी संमत झाले. मॅकेन त्या ९० जणांत होते. पुढच्याच महिन्यात लेबनॉनमध्ये अमेरिकी सैनिक ठेवण्याची मुदत वाढवण्याच्या प्रस्तावाला विरोध करणाऱ्या २७ रिपब्लिकनांत मात्र ते होते. अध्यक्ष रेगन यांच्या विरोधात जाणारे हे मत एका नवख्या सदस्याचे होते. २३ ऑक्टोबरला बैरुतमधील बराकीवर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला आणि २४१ अमेरिकी जवान मारले गेले, तेव्हा त्या मताचे शहाणपण सर्वांना पटले. युद्धाच्या प्रश्नावर हा माणूस स्वतःच्या अनुभवाने मत देतो आणि सामाजिक प्रश्नावर पक्षाच्या व राज्याच्या वाऱ्याने देतो, असे त्या दोन मतांवरून कोणी म्हटले असते तर ते चुकीचे ठरले नसते. तरीही १९८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेवरील निर्बंधांसाठी रेगन यांचा नकाराधिकार फेटाळणाऱ्या ३१३ सदस्यांत ते सामील झाले. माणूस शिकत होता, हेही नोंदीत दिसते.

किंग जयंतीचा विषय ॲरिझोनात फार काळ धुमसत राहिला. १९८७ मध्ये गव्हर्नर इव्हन मेकम यांनी राज्यातली ती सुटी रद्द केली, त्यावरून राज्यावर बहिष्कार आला, १९९० मध्ये जनमताने सुटी नाकारली तेव्हा अमेरिकन फुटबॉलचा १९९३ चा अंतिम सामना इथून हलवण्यात आला आणि अखेर १९९२ मध्ये मतदारांनीच सुटी मान्य केली. त्याच १९९२ मध्ये मेकम अपक्ष म्हणून मॅकेन यांच्याविरुद्ध उभे राहिले होते आणि हरले. मी इथे आलो तेव्हा या सगळ्याच्या जखमा ताज्या होत्या. ४ एप्रिल २००८ रोजी, किंग यांच्या हत्येला चाळीस वर्षे झाली त्या दिवशी, मेम्फिस येथे जमावासमोर मॅकेन यांनी १९८३ चे आपले मत चूक होते अशी कबुली दिली. पाऊस पडत होता आणि काही जणांनी त्यांची हुर्यो उडवली, पण ते बोलत राहिले. आपले जुने मत चूक होते असे निवडणुकीच्या वर्षात, मते मिळण्याची फारशी आशा नसलेल्या श्रोत्यांसमोर सांगणारा राजकारणी मी तरी क्वचितच पाहिला आहे.

त्यांच्या नावावरचा सर्वांत मोठा डाग आणि सर्वांत मोठा कायदा ही दोन्ही एकाच प्रकरणातून आली. लिंकन सेव्हिंग्ज या बुडालेल्या पतसंस्थेचे चार्ल्स कीटिंग यांच्यासाठी नियामकांना भेटलेल्या पाच सिनेटरांत मॅकेन होते; कीटिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून त्यांना सुमारे १ लाख १२ हजार डॉलर निवडणूक निधी मिळालेला होता. १९९१ मध्ये सिनेटच्या आचार समितीने त्यांच्यावर कारवाई केली नाही, पण त्यांनी दाखवलेली समज कमी पडली असा ठपका ठेवला. बचत बुडालेल्यांत हजारो वृद्ध रोखेधारक होते. त्यानंतर निवडणूक निधीच्या सुधारणेसाठी डेमोक्रॅट रस फाइनगोल्ड यांच्याबरोबर ते सात वर्षे झगडले आणि २० मार्च २००२ रोजी ते विधेयक सिनेटमध्ये ६० विरुद्ध ४० मतांनी संमत झाले. त्यांच्या स्वतःच्या पक्षातले बहुसंख्य सदस्य त्या ४० मध्ये होते. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार न्यायाधीशांच्या निकालाने त्यातला महत्त्वाचा भाग रद्दबातल ठरवला, तरी कलंकातून कायदा उभा करण्याचे हे काम मला त्यांच्या सर्व मतांत मोलाचे वाटते.

या ठिकाणी मी माझ्या मुख्य मुद्द्यावर येतो. मॅकेन यांची मते समजून घ्यायची असतील तर मतांच्या तारखा आणि निवडणुकांच्या तारखा शेजारीशेजारी मांडाव्या लागतात. सिनेटरची मुदत सहा वर्षांची असते. २००० मध्ये न्यू हॅम्पशायरची प्राथमिक निवडणूक बुश यांच्याविरुद्ध ४९ विरुद्ध ३० टक्क्यांनी जिंकून पुढे दक्षिण कॅरोलायनात ते हरले, आणि पुढची सिनेट निवडणूक २००४ मध्ये होती. त्या मधल्या मोकळ्या काळात, मे २००१ मध्ये, बुश यांच्या करकपातीविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन सिनेटर दोनच होते, मॅकेन आणि लिंकन चेफी. कपातीचा मोठा वाटा श्रीमंतांना जातो, हे त्यांचे कारण होते. २००३ च्या दुसऱ्या करकपातीलाही त्यांनी विरोध केला. ती उपाध्यक्ष चेनी यांच्या मताने ५१ विरुद्ध ५० अशी जेमतेम निभावली. परंतु मे २००६ मध्ये, दुसऱ्या अध्यक्षीय प्रयत्नाची तयारी सुरू असताना, याच सवलतींना मुदतवाढ देण्याच्या बाजूने त्यांनी मत दिले. आता त्या काढून घेणे म्हणजे करवाढच होईल, असे त्यांचे म्हणणे होते. ते म्हणणे अगदीच चूक नव्हते, मात्र ते नेमके त्या वर्षी सुचले हे मतदाराने लक्षात ठेवायला हवे.

कैद्यांच्या छळाविषयीचे त्यांचे मत तर त्यांच्या हाडामांसातून आलेले होते. ऑक्टोबर २००५ मध्ये अमेरिकेच्या ताब्यातील कैद्यांना क्रूर वागणूक देण्यास मनाई करणारी त्यांची दुरुस्ती ९० विरुद्ध ९ मतांनी संमत झाली. बुश प्रशासनाचा तिला कडवा विरोध होता. असे असूनही फेब्रुवारी २००८ मध्ये, उमेदवारी जवळजवळ हाती आलेली असताना, सीआयएवर लष्कराच्या चौकशी-नियमावलीचे बंधन घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध त्यांनी मत दिले. मी २००८ मध्ये त्यांना मत दिले नाही, याची जी कारणे होती त्यांत हे मत पहिले होते. २०१५ मध्ये त्यांनीच डायान फाइनस्टाइन यांच्यासह तेच बंधन घालणारी दुरुस्ती आणली आणि ७८ विरुद्ध २१ मतांनी ती संमत करून घेतली. सात वर्षांनी का होईना, त्यांनी आपल्या मूळ भूमिकेशी इमान राखले. पण मधली सात वर्षे नोंदीत आहेत आणि ती पुसता येत नाहीत.

स्थलांतराच्या प्रश्नावर तर ही तारखांची गोष्ट माझ्या घरापर्यंत पोहोचली. २००५ पासून टेड केनेडी यांच्याबरोबर कागदपत्रांविना राहणाऱ्यांना कायदेशीर मार्ग देण्याचे विधेयक घेऊन मॅकेन हिंडत होते. २०१० मध्ये माजी प्रतिनिधी आणि रेडिओवरचे निवेदक जे. डी. हेवर्थ त्यांच्याविरुद्ध प्राथमिक निवडणुकीत उतरले. त्याच वर्षी २३ एप्रिलला राज्यात तो कायदा झाला, ज्यान्वये अन्य कारणाने थांबवलेल्या माणसाच्या वास्तव्याविषयी संशय आल्यास त्याचे स्थलांतराचे कागद तपासणे पोलिसांवर बंधनकारक झाले, आणि मॅकेन यांनी त्याची पाठराखण केली. सीमेवर शेरिफबरोबर चालत, ते कुंपण एकदाचे पुरे करा असे सांगणारी त्यांची जाहिरात आमच्या दूरचित्रवाणीवर दिवसातून कितीतरी वेळा लागत असे. त्या उन्हाळ्यात मी आणि माझी पत्नी पारपत्राच्या प्रती गाडीत ठेवून फिरत होतो. आमच्या रंगाच्या माणसाला कोण अडवील याची खात्री नव्हती आणि मुलाला शाळेतून आणायला जाणाऱ्या आईलाही ती धास्ती वाटावी, हे मी विसरू शकत नाही. मी कोणत्याही पक्षाचा नोंदणीकृत मतदार नाही. ॲरिझोनात अशा मतदाराला प्राथमिक निवडणुकीत कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागता येते. २४ ऑगस्टच्या मतदानासाठी मी रिपब्लिकन मतपत्रिका मागवली आणि हेवर्थ येऊ नयेत म्हणून मॅकेन यांच्या नावापुढे खूण केली. ते सुमारे ५६ विरुद्ध ३२ टक्क्यांनी जिंकले. नोव्हेंबरमध्ये मी त्यांना मत दिले नाही. डिसेंबरमध्ये, लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांना दिलासा देणाऱ्या ज्या विधेयकाला त्यांनी पूर्वी पाठिंबा दिला होता, ते पुढे नेण्याच्या ठरावाविरुद्ध त्यांनी मत दिले, तेव्हा माझा निर्णय मला योग्य वाटला.

२०१३ मध्ये निवडणूक पुन्हा तीन वर्षे दूर होती आणि मॅकेन पुन्हा पूर्वीसारखे झाले. एप्रिलमध्ये बंदूक खरेदीदारांची पार्श्वभूमी तपासण्याची व्याप्ती वाढवणाऱ्या मँचिन-टूमी दुरुस्तीला मत देणाऱ्या चार रिपब्लिकन सिनेटरांत ते एक होते. ५४ मते मिळूनही मंजुरीसाठी लागणाऱ्या साठ मतांचा उंबरठा न गाठल्याने ती पडली. जानेवारी २०११ मध्ये टूसॉनला प्रतिनिधीगृहाच्या सदस्या गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या सभेत झालेल्या गोळीबारात सहा जण गेले होते, ते आमच्या राज्यातल्या कोणाच्याही मनातून गेलेले नव्हते. २७ जूनला आठ सिनेटरांनी मिळून घडवलेले स्थलांतर सुधारणा विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी सिनेटमध्ये संमत झाले आणि त्या आठ जणांत मॅकेन होते. त्या विधेयकाचा पुणे, नाशिक, नागपूरच्या हजारो घरांशी थेट संबंध होता, तो आपल्या लेखात यायला हवा होता असे मला वाटते. एच-१बी व्हिसाची वार्षिक मर्यादा त्यात ६५ हजारांवरून १ लाख १५ हजारांवर जाणार होती आणि पुढे १ लाख ८० हजारांपर्यंत वाढू शकणार होती. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डासाठी प्रत्येक देशाला ठरवून दिलेली मर्यादा उठणार होती, ज्या मर्यादेमुळे भारतीय अर्जदार वर्षानुवर्षे रांगेत उभे आहेत. प्रतिनिधीगृहाने ते विधेयक चर्चेलाच घेतले नाही. माझ्या ओळखीतली कितीतरी मराठी कुटुंबे आजही त्याच रांगेत आहेत. त्यांची मुले एकवीस वर्षांची झाली की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतात.

या मतांची किंमत मॅकेन यांना मोजावी लागली. जानेवारी २०१४ मध्ये ॲरिझोनाच्या रिपब्लिकन पक्षाने त्यांचे मतदान फार उदारमतवादी असल्याचा ठपका ठेवून त्यांच्या निषेधाचा ठराव केला. इथे भारतीय वाचकांनी एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्याकडे १९८५ पासून दहाव्या परिशिष्टानुसार पक्षादेश मोडून मत देणाऱ्या सदस्याला पक्षाने पंधरा दिवसांत माफ केले नाही, तर त्याची जागा जाऊ शकते. अमेरिकेत पक्षाला असा अधिकार नाही; निषेधाच्या ठरावाने मॅकेन यांची खुर्ची हलली नाही. शिक्षा द्यायची तर ती मतदारच प्राथमिक निवडणुकीत देऊ शकतो. ३० ऑगस्ट २०१६ च्या प्राथमिक निवडणुकीत केली वॉर्ड यांच्याविरुद्ध त्यांना जेमतेम निम्म्याहून थोडी अधिक मते पडली, जिथे २००४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत त्यांना ७७ टक्के मिळाली होती. नोव्हेंबरमध्ये ॲन कर्कपॅट्रिक यांच्याविरुद्ध ते सुमारे ५४ विरुद्ध ४१ टक्क्यांनी निवडून आले. त्या वेळी मी त्यांना मत दिले, आणि दिले ते २०१३ च्या दोन मतांसाठी. ऐंशी वर्षांचा हा माणूस पुन्हा निवडणूक लढवणार नाही, म्हणजे आता त्याला तारखा पाहण्याची गरज उरणार नाही, हाही माझा हिशेब होता.

जुलै २०१७ चे मत या संदर्भात वाचावे, एवढीच माझी विनंती आहे. ते दैवी साक्षात्काराचे मत नव्हते. आयुष्यभर परंपरावादी राहिलेल्या, रॉबर्ट बोर्क यांच्यापासून नील गॉर्सच यांच्यापर्यंत पक्षाच्या अध्यक्षांनी सुचवलेल्या न्यायाधीशांना पाठिंबा दिलेल्या, गर्भपाताला सातत्याने विरोध केलेल्या, २००२ मध्ये इराक युद्धाला संमती देऊन पुढे ते युद्ध चूक होते असे अखेरच्या पुस्तकात मान्य केलेल्या एका सिनेटरचे, पुढची निवडणूक समोर नसतानाचे ते मत होते. त्यातही तो पूर्णतः सुसंगत नव्हता : २००५ मध्ये न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठीचा साठ मतांचा नियम वाचवणाऱ्या चौदा सिनेटरांत असलेल्या मॅकेन यांनी एप्रिल २०१७ मध्ये गॉर्सच यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयापुरता तोच नियम मोडण्याच्या बाजूने मत दिले होते. एका आठवड्यावरून ज्यांना आपण बंडखोर ठरवतो, त्यांच्या बाकीच्या पस्तीस वर्षांत पक्षाच्या बाजूने दिलेली शेकडो मते असतात, आणि ती मते देताना ते बंडखोर नव्हते तर आपल्या मतदारांनी ज्यासाठी निवडले त्या विचारांचे प्रतिनिधी होते. यात गैर काही नाही. परंपरावादी मतदारांना परंपरावादी प्रतिनिधी मिळण्याचा पूर्ण हक्क आहे.

हे सर्व मी सांगू शकतो, कारण सिनेटमधले नावानिशी झालेले प्रत्येक मतदान तारखेसह छापलेले आहे आणि चँडलरच्या सार्वजनिक वाचनालयात बसून मला ते काढता आले. महाराष्ट्रातल्या माझ्या भावाला त्याच्या आमदाराविषयी असे पत्र लिहायचे झाले तर प्रतिज्ञापत्रातून मालमत्ता कळते, दाखल गुन्हे कळतात, पण कोणत्या विधेयकाला त्याने काय मत दिले हे बहुतेक वेळा कळत नाही, कारण बहुतांश विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात आणि होय-नाहीच्या त्या गजरात नाव राहत नाही. सदस्यांना मतविभाजन मागता येते, परंतु ते मागितले जाते फार थोड्या वेळा. आपल्या दैनिकाचे विधिमंडळ वार्ताहर दरवर्षी अधिवेशनांचे वार्तांकन करतात. ज्या विधेयकांवर मतविभाजन झाले, त्यांवर आपल्या भागातील सदस्यांनी कोणत्या बाजूने मत दिले याचा छोटा तक्ता अधिवेशनाच्या अखेरीस आपल्या दैनिकात छापता आला तर बरे होईल. पुढच्या वेळी मॅकेन यांच्याविषयी लिहिताना २८ जुलै २०१७ बरोबर २४ डिसेंबर २००९ आणि २ डिसेंबर २०१७ याही तारखा द्याव्यात, अशीही विनंती आहे.

आपला,
एक वाचक,
चँडलर, ॲरिझोना